चारित्र्य पडताळणीत जुने गुन्हे दिसतात: रेकॉर्ड पुसता येतं का, आणि कोणाचं?

वाळवा_नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुतण्यासाठी विचारतोय. वय २६, गाव वाळवा तालुक्यात. त्याच्या नावावर दोन गुन्हे आहेत. पहिला २०१९ चा, यात्रेतल्या भांडणाचा, भा.दं.वि. ३२३, ५०४, ५०६ सह ३४ (मारहाण, अपमान, धमकी, आणि हे सगळं मिळून केल्याचं). इस्लामपूर कोर्टात चार्जशीट गेलं आणि पुढं राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. दुसरा २०२२ चा, जुगार कायदा कलम १२(अ). त्यात "कबूल कर, दंड भर, विषय संपला" असा सल्ला मिळाला आणि त्यानं तसंच केलं.

आता कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीनं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलंय. पोलीस भरतीचाही फॉर्म भरायचा आहे. ऑनलाइन अर्ज केला तर "गुन्हे दाखल आहेत" असा शेरा आला. एक जण पंधरा हजारांत संगणकातून नाव काढून देतो म्हणतोय. दुसरा म्हणतो सात वर्षांनी रेकॉर्ड आपोआप जातं. परदेशात म्हणे अर्ज करून रेकॉर्ड पुसून घेता येतं. आपल्याकडं तसा कायदा आहे का? असेल तर कोणाला लागू होतो आणि सुरुवात कुठून करायची?

कृष्णाकाठ

आधी त्या पंधरा हजारवाल्याचं. एक रुपयाही देऊ नका. गुन्ह्याची नोंद एका संगणकात नसते. पोलीस ठाण्याचं गुन्हे रजिस्टर, सीसीटीएनएस (पोलिसांची गुन्हे नोंदीची संगणक प्रणाली), कोर्टाचं रजिस्टर आणि ई-कोर्ट्स (कोर्टांचं ऑनलाइन रेकॉर्ड) अशा चार ठिकाणी ती असते. एका ठिकाणी कुणी खाडाखोड केली तरी बाकीच्या तीन ठिकाणी ती तशीच दिसते, आणि मग जुन्या किरकोळ गुन्ह्याच्या जागी लाच आणि बनावट दस्तऐवजाचा नवा गुन्हा अंगावर येतो. तो किरकोळ नसतो.

सात वर्षांचं ऐकलंत ते लहान मुलांच्या प्रकरणातलं आहे. १८ वर्षांवरच्या माणसाचा गुन्हा ठरावीक वर्षांनी आपोआप पुसला जाईल किंवा अर्ज केल्यावर सरसकट पुसून मिळेल, असा कायदा आपल्याकडं नाही. आपल्याकडं पात्रता ठरते ती प्रकरण कोणत्या शेवटानं संपलं त्यावर. उच्च न्यायालयानं एफआयआर रद्द केली, पोलिसांची समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) मंजूर झाली, आरोपमुक्त केलं, निर्दोष सोडलं, तडजोडीनं सोडलं, सरकारनं खटला मागं घेतला, समज देऊन सोडलं, दंड किंवा शिक्षा झाली: या प्रत्येकाचं वजन वेगळं. तुमच्या पुतण्याच्या दोन प्रकरणांत दोन टोकांचे शेवट झालेत. म्हणून दोन्ही एकत्र बघू नका.

२०१९ चं प्रकरण चांगल्या जागी आहे. ३२३, ५०४, ५०६ तिन्ही तडजोडपात्र आहेत आणि सोबत ३४ असल्यानं काही बिघडत नाही. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) ३२०(८) प्रमाणं, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९(८) प्रमाणं, तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. कोर्टाच्या नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा परिच्छेद नीट वाचा. "तडजोडीमुळे आरोपींची निर्दोष मुक्तता" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "प्रकरण निकाली" असेल तर सोबत तडजोड पुरसीस (तडजोडीचं लेखी निवेदन) आणि रोजनामा (तारखांना काय झालं त्याची नोंद) यांच्याही नकला घ्या.

इथं तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, मार दोघांना लागलेला असतो आणि पुरसीसवर सही एकाचीच असते. ३२३ मध्ये ज्याला ज्याला दुखापत झाली त्या प्रत्येकाची संमती लागते. दोन, गावच्या भांडणात बहुतेक वेळा समोरच्याचीही उलट फिर्याद असते. मिटवताना एक केस मिटते आणि दुसरी तशीच पडून राहते, तिच्यात समन्स बजावलं जात नाही आणि वर्षांनी वॉरंट निघतं. ई-कोर्ट्सवर पुतण्याचं नाव घालून इस्लामपूरची सगळी कोर्टं तपासा. तीन, कलमांत १४३, १४७ (बेकायदा जमाव, दंगा) असतील तर लोकअदालतीत ती मिटतच नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १९(५) नं तडजोडपात्र नसलेले गुन्हे लोकअदालतीच्या कक्षेबाहेर ठेवलेत. यात्रेच्या मारामारीत पाच किंवा त्याहून जास्त नावं असली की ही कलमं लागतातच, म्हणून चार्जशीटवरची कलमं स्वतः वाचा. तोंडी सांगितलेल्यावर राहू नका.

२०२२ चं जुगाराचं मात्र अवघड आहे. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. रक्कम दोनशे रुपये असो की दोन हजार. वाहतुकीचं ई-चलन जागेवर भरणं आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढं गुन्हा कबूल करून दंड भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारू पिऊन गाडी चालवल्याचा कलम १८५ चा दंड, दारूबंदी कायद्याचा ६५(ई), जुगाराचा १२(अ) या तिन्हींत हजारो पोरं तारखा वाचवायला म्हणून कबुली देतात. त्याची किंमत नोकरीच्या वेळी कळते. कबुली देण्यापूर्वी हे समजावून सांगणारं कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी नसतं, याचं फार वाईट वाटतं.

अजिंक्यतारा

कृष्णाकाठांच्या मांडणीशी सहमत आहे, पण जुगाराच्या प्रकरणात दार पूर्ण बंद नाही.

अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ बघा. कलम ३ खाली, पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंतची असेल, तर कोर्ट शिक्षा करण्याऐवजी समज देऊन सोडू शकतं. काही चोरी-फसवणुकीच्या कलमांनाही ते लागू आहे. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. आणि कलम १२ सांगतं की ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळं कायद्यानं येणारी अपात्रता लागू होणार नाही. आपल्या कायद्यात प्रौढांसाठी रेकॉर्ड साफ करण्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. हा लाभ खालच्या कोर्टात मागितला नसेल तरी कलम ११ प्रमाणं अपील किंवा पुनरीक्षण ऐकणारं कोर्टही तो देऊ शकतं.

मार्ग असा. २०२२ च्या आदेशाची आणि कबुलीजबाबाची प्रमाणित प्रत काढा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यानं फक्त १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल तर जुन्या सीआरपीसीच्या ३७६ प्रमाणं अपील नाही, मग सत्र न्यायालयात पुनरीक्षण. दंड त्याहून जास्त असेल तर कबुलीनंतरही शिक्षेचं प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यापुरतं ३७५ खाली अपील होतं. मुदत अपिलाला ३० दिवस, पुनरीक्षणाला ९० दिवस. दोन्ही केव्हाच उलटून गेल्यात, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि उशिराचं खरं कारण शपथपत्रावर द्यावं लागेल. "नोकरी गेली म्हणून आता आलो" एवढंच लिहिलं तर अर्ज टिकत नाही. कबुलीचा परिणाम समजावलेला नव्हता, वकील दिलेला नव्हता, प्रमाणपत्राच्या अर्जावर शेरा आला त्या तारखेला पहिल्यांदा कळलं, असं घडलं असेल तर तारखांसह आणि पुराव्यासह मांडा.

कबुलीजबाबाचा कागद मी मुद्दाम मागायला सांगतोय. जुन्या २५२ प्रमाणं आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते. छापील फॉर्मवर दहा जणांची एकत्रित "गुन्हा कबूल आहे" अशी नोंद असेल तर ती कबुलीच सदोष ठरू शकते. मात्र एक धोका आधी समजून घ्या: कबुली सदोष म्हणून दोषसिद्धी रद्द झाली तर बहुधा प्रकरण परत खाली जातं आणि खटला नव्यानं चालतो. तोवर प्रमाणपत्रावर "प्रलंबित" येईल. तोंडावर भरती असेल तर फक्त समज देऊन सोडण्याचा लाभ मागणं जास्त शहाणपणाचं.

हेही ठाम सांगतो की कलम १२ नं अपात्रता जाते, दोषसिद्धी घडलीच नाही असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात हे स्पष्ट केलंय. फॉर्ममध्ये विचारलं तर लिहावंच लागतं.

मिरज_जंक्शन

कायद्याचं वरच्या दोघांनी सांगितलं. मी ठाण्यातल्या कागदांचं सांगतो, कारण निम्मी अडचण तिथंच असते. निर्दोष सुटलेला माणूसही पडताळणीत "गुन्हा दाखल" असा दिसतो, कारण कोर्टाचा निकाल सीसीटीएनएसवर चढवलेलाच नसतो. एफआयआर आणि चार्जशीट वेळेत चढतं, निकाल मागं राहतो.

करायचं असं. गु.र.नं. (ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर), वर्ष, कोर्टातला केसचा आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. नंबर आणि ई-कोर्ट्सचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर एका कागदावर घ्या. ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज लिहा: "सदर गुन्ह्याचा न्यायालयीन निकाल सीसीटीएनएस व ठाण्याच्या गुन्हे नोंदवहीत अद्ययावत करावा." सोबत निकालाची प्रमाणित प्रत. साधी झेरॉक्स देऊ नका, मूळ प्रमाणित प्रतही तिथं सोडू नका. प्रमाणित प्रती किमान तीन काढा, नक्कल विभागात जास्तीच्या प्रतींना फार पैसे लागत नाहीत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. हीच अर्जाची प्रत पोच लावून जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जिल्हा विशेष शाखेत द्या. चारित्र्य पडताळणीचं काम तिथून चालतं.

घोटाळा होतो तो राहण्याचं ठाणं वेगळं आणि गुन्ह्याचं ठाणं वेगळं असलं की. मुलगा कुपवाडला राहतो आणि गुन्हा आष्ट्याचा, तर कुपवाडचं ठाणं फक्त संगणकावर दिसतं तेवढंच बघून शेरा मारतं. म्हणून ऑनलाइन अर्ज नव्यानं करताना निकालाची प्रत त्यातच जोडा, आणि ठाण्यातून पडताळणीला बोलावतील तेव्हा गोपनीय अंमलदारासमोर मूळ प्रत ठेवा. अर्जातल्या "गुन्हा दाखल आहे का" या प्रश्नाला "नाही" लिहून नंतर कागद दाखवणं हा सर्वांत वाईट क्रम आहे.

नाव-साधर्म्यही तपासा. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच वडिलांच्या नावाचे दोघं सहज निघतात. गुन्हा दुसऱ्याचाच असेल तर आधार, जन्मतारीख आणि चार्जशीटवरचं वय-पत्ता जोडून त्याच ठाण्याकडून "सदर इसम तो नव्हे" असा लेखी अहवाल घ्या.

आणखी दोन नोंदी लोकांना गुन्हा वाटतात. अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी: न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचा तपासच होत नाही, ती शिक्षाही नाही आणि खटलाही नाही. दुसरी चॅप्टर केस, जुनं १०७ किंवा ११०, आताचं १२६ किंवा १२९. ती तहसीलदार किंवा प्रांतांपुढं चालते, बंधपत्राची असते आणि चौकशी सहा महिन्यांत पुरी न झाल्यास, खास कारण लिहून मुदत वाढवलेली नसेल तर, तिथंच संपते. त्या कार्यालयातून "प्रकरण बंद" असा दाखला मिळतो. तो काढून ठेवा.

माणदेशी_वारं

मध्येच विचारतो, दहिवडीकडचं प्रकरण आहे. मुलगा तेव्हा साडेसतरा वर्षांचा. मोटारसायकल चोरीत मोठ्या पोरांबरोबर नाव आलं, बाल न्याय मंडळानं समज देऊन सोडलं. आता लष्कर भरतीत उतरलाय आणि ठाण्यातून तोंडी सांगितलं की रेकॉर्ड आहे. सात वर्षं थांबायचं का?

अजिंक्यतारा

नाही, थांबायचं कारण नाही. पूर्ण अर्थानं रेकॉर्ड पुसण्याचा हक्क आपल्या कायद्यात कुणाला असेल तर तो अशा मुलाला आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४(१): गुन्ह्याच्या दोषसिद्धीमुळं येणारी कोणतीही अपात्रता बालकाला लागू होत नाही. अपवाद एकच, १६ वर्षांवरचं बालक आणि बाल न्यायालयानं कलम १९(१)(i) खाली प्रौढासारखा खटला चालवण्याचं ठरवून दोषी धरलेलं. कलम २४(२): अपिलाची मुदत संपल्यावर किंवा ठरलेल्या कालावधीनंतर संबंधित रेकॉर्ड नष्ट करण्याचे निर्देश मंडळानं पोलिसांना किंवा बाल न्यायालयानं आपल्या कार्यालयाला द्यायचे. कलम ७४(२) तर अगदी तुमच्या अडचणीवरच आहे: प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो की निकाली, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा इतर कारणानं पोलिसांनी बालकाचं रेकॉर्ड उघड करायचंच नाही. ही मनाई आधीपासूनच लागू आहे. सात वर्षांचा उल्लेख आदर्श नियम २०१६ च्या नियम १४ मध्ये येतो आणि तो कागद किती काळ सुरक्षित ठेवायचे एवढ्यापुरता आहे. मुलाला तोवर अपात्र धरता येतं असा त्याचा अर्थ नाही.

करायचं काय: साताऱ्याच्या बाल न्याय मंडळाकडून निकालाची प्रत घ्या. तिथंच २४(२) आणि ७४(२) चा उल्लेख करून ठाण्याला निर्देश द्यावेत असा अर्ज करा. मंडळाच्या आदेशाची प्रत ठाण्यात आणि जिल्हा विशेष शाखेत द्या. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र जोडा. जन्मतारखेत घोळ असेल तर आधी तो सोडवा, कारण घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नव्हती यावरच सगळं उभं आहे. गुन्हा दाखल झाल्याची किंवा निकालाची तारीख इथं मोजायची नसते. मोठ्या आरोपींचा खटला दहिवडीत अजून चालू असेल आणि त्या कागदांत मुलाचं नाव येत असेल तर तेही मंडळाच्या लक्षात आणून द्या.

सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात म्हटलंय की बालवयातल्या प्रकरणावरून उमेदवाराला नोकरीपासून दूर ठेवता येत नाही. तो सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) भरतीचा वाद होता, म्हणजे गणवेशातल्या नोकरीलाही हे लागू पडतं.

ऊसपट्टा_कराड

ऊसदराच्या आंदोलनात रस्ता रोखला म्हणून गावातल्या वीस-बावीस जणांवर गुन्हा आहे. ३४१, १४३, १८८ (वाट अडवणं, बेकायदा जमाव, सरकारी आदेश मोडणं) आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३), १३५ (जमावबंदी मोडणं). सरकारनं असे गुन्हे मागं घेतले म्हणतात, तरी पडताळणीत "प्रलंबित" येतंय. का?

कृष्णाकाठ

कारण शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं होत नाही. हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यात पोरांची वर्षं जातात.

राजकीय-सामाजिक आंदोलनांच्या खटल्यांत राज्य सरकारच्या दोन मुख्य अटी आहेत: जीवितहानी झालेली नसावी आणि सार्वजनिक-खासगी मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या आत असावं. दोषारोपपत्र अमुक तारखेपर्यंत दाखल असावं अशीही अट असते. ती तारीख वाढवत २०२५ मध्ये ३१ मार्च २०२५ पर्यंत आणली. यात बसलात की प्रकरण समितीपुढं जातं. समितीनं शिफारस केली की सरकारी वकील त्या कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली, जुन्या ३२१ खाली, अर्ज करतात. आणि कोर्टानं संमती दिली तरच खटला संपतो. दोषारोप निश्चितीच्या आधी मागं घेतला तर आरोपमुक्ती, नंतर घेतला तर निर्दोष मुक्तता. कोर्ट नुसता शिक्का मारत नाही, सार्वजनिक हित बघतं आणि नकारही देतं. आरोपींत आजी-माजी आमदार-खासदार असेल तर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणं उच्च न्यायालयाची परवानगी लागते. गावकऱ्यांचं प्रकरण याच एका नावापायी अडकून बसतं.

म्हणून कराडच्या कोर्टात सहायक सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाऊन विचारा: आमचा आर.सी.सी. नंबर यादीत आहे का, अर्ज दाखल झालाय का, कोणत्या तारखेला. यादीत नसेल तर समितीकडं लेखी निवेदन द्या, सोबत चार्जशीट आणि नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत. पंचनाम्यात एसटीच्या काचांचा आकडा किती आहे ते बघून घ्या. तोवर तारखांना हजर राहा किंवा हजेरी माफीचा अर्ज द्या. "मागं घेतलंय" समजून गैरहजर राहिलेल्यांवर वॉरंट निघतात.

१८८ बद्दल एक वेगळा मुद्दा. त्या कलमाची दखल कोर्टाला फक्त संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर घेता येते, जुनं १९५(१)(अ), आताचं २१५. नुसत्या पोलिसांच्या चार्जशीटवर दखल घेतली असेल तर तेवढ्या कलमापुरता मोठा दोष आहे. वकिलांना तो आवर्जून दाखवा.

अजिंक्यतारा

ज्यांना तडजोडही लागू नाही आणि शासन निर्णयही नाही, त्यांच्यासाठी उच्च न्यायालय. संहितेचं कलम ५२८, जुनं ४८२. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. फिर्यादीला दोन-तीन वेळा मुंबईला न्यावं लागायचं, त्यातच कित्येक तडजोडी मोडायच्या. आता मिरजेहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

संमतीनं रद्द करून घ्यायचं तर फिर्यादी आणि जखमी अशा प्रत्येकाचं शपथपत्र, ओळखपत्र, एफआयआर, चार्जशीट आणि तडजोडीच्या अटी लागतात. शपथपत्रात "माझी हरकत नाही" एवढं एक वाक्य पुरत नाही. वाद काय होता, कसा मिटला, दबाव नव्हता, हे लिहिलेलं असावं. कोर्ट फिर्यादीला समोर बोलावून विचारू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ग्यान सिंग (२०१२) आणि नरिंदर सिंग (२०१४) या निकालांनी कसोटी ठरवली आहे: वाद खासगी स्वरूपाचा असला पाहिजे. भावकीतली जमीन, नवरा-बायको, पैशाचा व्यवहार, शेजाऱ्यांची मारामारी यांत बसतं. खून, बलात्कार, दरोडा, भ्रष्टाचार हे फिर्यादी तयार असला तरी बसत नाही. खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ मध्ये कलमाच्या नावावर जात नाहीत, जखम कुठं, हत्यार कोणतं ते बघतात.

संमती नसेल तर भजनलाल (१९९२) निकालातल्या सात प्रकारांपैकी एकात बसावं लागतं. उदाहरणार्थ फिर्याद शब्दशः खरी धरली तरी गुन्हा बनत नाही, किंवा कायद्यानंच मनाई आहे. "फिर्याद खोटी आहे" हा मुद्दा पुराव्याचा, तो खटल्यात लढायचा.

तपासातच थांबलेल्या प्रकरणांत समरी बघा. ब म्हणजे खोटी फिर्याद, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. अ म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, त्यात तुमचं नाव संशयित म्हणून राहिलेलं असू शकतं. पोलिसांनी समरी पाठवली एवढ्यावर थांबू नका, न्यायदंडाधिकाऱ्यानं ती मंजूर केल्याचा आदेश मिळवा.

मिरज_जंक्शन

एक राहिलं: बोटांचे ठसे आणि फोटो. ४ ऑगस्ट २०२२ पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम लागू आहे. त्यात मोजमापांचं रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवतात. पण पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि या प्रकरणात खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष सुटला, तर सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर ते नष्ट करायचं असं कलम ४ च्या परंतुकात आहे, कोर्टानं लेखी कारण देऊन वेगळा आदेश केला नसेल तर. अर्ज राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडं जातो. अपिलाची मुदत संपल्याचा पुरावा जोडा. हे आपोआप होईल म्हणून बसून राहू नका. वाळवेकर, तुमच्या पुतण्याला मात्र जुगाराची दोषसिद्धी आड येईल. एका कबुलीनं किती दारं अडतात ते इथं दिसतं.

पासपोर्टचं वेगळं आहे. एफआयआर दाखल आहे एवढ्यानं पासपोर्ट अडवता येत नाही. कोर्टानं दखल घेतलेला खटला प्रलंबित असेल तर त्या कोर्टाची परवानगी आणून २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणं मर्यादित मुदतीचा मिळतो, आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एक वर्षाचा. कोर्टाकडून मुदत लिहून घ्यायला विसरू नका.

आणि परदेशाचं विचारलंत म्हणून: अमेरिकेत राज्याराज्यांचे रेकॉर्ड पुसण्याचे नियम आहेत. गुन्ह्याचा प्रकार, शिक्षा पूर्ण होऊन गेलेली वर्षं, नवा गुन्हा नसणं यांवर पात्रता ठरते. पण त्यांच्याच व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये माफी मिळालेली असली तरी अटक किंवा दोषसिद्धी सांगा असं विचारतात. तिकडं पुसलेलंसुद्धा तिथं लपवता येत नाही.

वाळवा_नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच नक्कल अर्ज टाकतो. आता एकच विचारतो. पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात (आपली पूर्वमाहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) नेमकं लिहायचं काय? आणि लिहिलं तर घेतील का?

अजिंक्यतारा

सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग (२०१६) हा निकाल इथं आधार आहे. माहिती खरी द्यायची, लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरी दिली तरी नियोक्त्याला पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार राहतो. पण तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडं तो दुर्लक्ष करू शकतो, आणि फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलेलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही. त्यामुळं प्रत्येक रकाना शब्दन् शब्द वाचा. "प्रलंबित आहे का" आणि "कधी दाखल झाला होता का" हे वेगळे प्रश्न आहेत. "अटक झाली होती का" हा तिसरा.

घेतील का, याचं उत्तर पोलीस दलापुरतं कठीण आहे. मेहर सिंग (२०१३) निकालात तडजोडीनं सुटलेल्यालाही पोलीस दल नाकारू शकतं असं म्हटलंय. खासगी कंपनीत २०१९ च्या प्रकरणानं बहुधा काही अडणार नाही. भरतीत छाननी होईल आणि त्यात जुगाराच्या दंडापेक्षा समज देऊन सोडल्याचा आदेश हातात असणं बरंच वरचढ ठरेल. म्हणून अपील किंवा पुनरीक्षण आधी, भरती मागून.

रकान्यात असं लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढं जोडपत्राचा क्रमांक टाका: "गु.र.नं. अमुक/२०१९, पोलीस ठाणे अमुक, भा.दं.वि. ३२३, ५०४, ५०६ सह ३४, आर.सी.सी. क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने निर्दोष मुक्तता. गु.र.नं. अमुक/२०२२, जुगार प्रतिबंधक अधिनियम कलम १२(अ), दिनांक अमुक रोजी दंड अमुक रुपये, दंड भरला, अपील अथवा पुनरीक्षण क्रमांक अमुक प्रलंबित." अटकेच्या रकान्यात, जामिनावर ठाण्यातूनच सोडलं असेल तरी अटक पंचनामा झाला होता का ते चार्जशीटमध्ये बघून मगच "नाही" लिहा.